वयाच्या मानाने फार समंजस

“म्हणजे तुम्ही नेमकं करायचात काय?” हा प्रश्न मला डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक डोहाळजेवणाला आणि एकदा तर भर मुंजीत, भिक्षावळ चालू असताना विचारला गेला आहे. आमच्या भागातल्या बायकांची उत्तरं ठरलेली असतात. कुणी टेस्टिंगमध्ये, कुणी डेटामध्ये, कुणी डेंटिस्ट. मी म्हणायचे, “मी शिक्षा कमी करून घेते.” समोरची क्षणभर माझ्याकडे बघायची आणि मग आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणायची, “मग याच्या बाबांशी बोला ना जरा. आयपॅड काढून घेतलाय.”

आता मी रिटायर झाले आहे आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने मला कोपऱ्यात गाठलं आहे, तेव्हा काय ते एकदाच सांगून टाकते. नागपूरला समाजकार्य शिकले, लग्न करून मिशिगनला आले. नवरा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत. इथे पुन्हा परीक्षा दिल्या आणि डेट्रॉइटमधल्या, सरकारी खर्चाने अपिलं चालवणाऱ्या वकिलांच्या एका ऑफिसात चिकटले ती केस पिकेपर्यंत. तिथे माझ्या कामाला ‘मिटिगेशन’ म्हणत. मराठीत ‘शिक्षा सौम्य होण्याची कारणं शोधणं’ असं लांबलचक काहीतरी होतं. माझा नवरा ते थोडक्यात सांगायचा, “इतरांच्या बायका डॉक्टरांना ओळखतात, हिची सगळी ओळख तुरुंगात.” खोटं नव्हतं ते.

लोकांना वाटतं आम्ही गुन्हेगारांना सोडवायचो. छे हो! आमच्याकडे माणूस यायचा तेव्हा गुन्हा केला की नाही हा प्रश्न निकालात निघालेला असायचा. केलेलाच असायचा. प्रश्न एवढाच उरायचा, की शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी जे बघायला हवं होतं ते बघितलं का? आणि त्यात आमच्या वाट्याला सगळ्यात जास्त यायचं ते वय. सोळा, सतरा, अठराव्या वर्षी करून ठेवलेले उद्योग. कायद्याचं म्हणणं साधारण असं (सोपं करून सांगतेय, वकील मंडळींनी दातओठ खाऊ नयेत): त्या वयाचं डोकं म्हणजे नुकत्याच बंद केलेल्या कुकरसारखं. बाहेरून सगळं झालेलं दिसतं, पण आत अजून वाफ जिरायची असते. परिणामांचा अंदाज नसतो, मित्रांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की पोरगं चढतं, आणि त्याच पोराला पुढे सुधारायला भरपूर जागाही असते. न्यायाधीशांनी हे विचारात घेतलं नसेल तर वरचं कोर्ट शिक्षा रद्द करतं आणि सांगतं, परत बसा, परत ठरवा.

त्या परत बसण्याच्या वेळी न्यायाधीशांपुढे तो मुलगा काय होता, कसा वाढला, हे सगळं ठेवावं लागतं. वकील कायदा शोधतात. मी लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे.

या कामाचा पहिला नियम असा, की पहिल्या भेटीत कुणीही खरं सांगत नाही. जगातली प्रत्येक आई सांगते, माझं बाळ गुणी होतं. ते ऐकून घ्यायचं, समोर येईल ते खायचं, आणि परत जायचं. फ्लिंटमध्ये एक आजी होत्या. त्यांच्या नातवाची केस. त्या टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाच्या इतक्या भक्त, की माझ्याशी फक्त जाहिराती लागल्यावर बोलायच्या. “त्याच्या आईने त्याला माझ्याकडे सोडलं तेव्हा…” एवढं म्हणाल्या की कार्यक्रम सुरू. मग मी गप्प. पुढच्या जाहिरातीत पुढचं वाक्य. त्या पोराचं अख्खं बालपण मी साबण आणि विम्याच्या जाहिरातींच्या मधल्या फटींतून ऐकलं. शेवटी तर मला बक्षिसाची उत्तरंही यायला लागली, आणि ती मी बरोबर दिली की आजी खूश होऊन एखादी गोष्ट जास्तीची सांगायच्या.

आणखी एक गिऱ्हाईक माझ्या कायम लक्षात राहील. सोळाव्या वर्षी आत गेला, नव्याने शिक्षा ठरली आणि चाळिशी उलटल्यावर बाहेर आला. आडदांड माणूस, आवाज मात्र मऊ. बाहेर आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा मला किराणा दुकानातून फोन. “नंदा, इथलं ते आपलं आपण बिल करायचं मशीन माझ्यावर ओरडतंय. म्हणतंय, पिशवीत भलतीच वस्तू आहे. मी काही चोरलेलं नाही.”

“मग तू काय करतोयस?”

“फोन खांद्यात धरलाय. हात वर केलेत.”

मी त्याला म्हटलं, “हात खाली कर, ते मशीन सगळ्यांवरच ओरडतं, माझ्यावरही ओरडतं.” मग आम्ही दोघं फोनवर इतके हसलो, की दुकानातली मुलगी येऊन विचारून गेली म्हणे, सर, तुम्ही ठीक आहात ना? फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आलं. असंही व्हायचं.

हरलोही आम्ही. पुष्कळदा. एका केसमध्ये न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले आणि होती तीच शिक्षा पुन्हा दिली. बाहेर पॅसेजमध्ये त्या मुलाच्या आईनेच मला जवळ घेतलं, पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली.

पण आज सांगायची आहे ती आपल्यातलीच गोष्ट. नावं बदलली आहेत, पण जुन्या सभासदांना कळायचं ते कळेलच. मुलाच्या आईला विचारलं तर म्हणाली, “लिहा हो ताई, सगळ्यांना माहितीच आहे. निदान नीट तरी माहिती होऊ दे.”

रूथ आमच्या ऑफिसातली वकील. डेट्रॉइटची, कृष्णवर्णीय, पुरुषाला लाजवेल अशी उंच, आणि हसली की शेजारच्या खोलीतला माणूस दचकायचा. एक दिवस तिने मला बोलावलं आणि कॉम्प्युटरवरचं एक नाव दाखवून विचारलं, “हे तुमच्यातलं नाव आहे ना? ओळखतेस?”

मी म्हटलं, “ओळखते. ट्रॉयमधला एकही मराठी माणूस नसेल जो ओळखत नाही.” रूथने ते रीतसर आमच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, चालेल, उलट बरंच आहे.

तो मुलगा म्हणजे सोहम. इथेच जन्मलेला. अठरा नुकती पूर्ण झालेली, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. दोन मोठ्या मुलांच्या नादाने एका संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या गृहस्थांवर पिस्तूल रोखलं. पिस्तूल प्लॅस्टिकचं, काळा रंग दिलेलं. पण समोरच्याला खरं वाटलं की कायद्याच्या लेखी ते खरंच. ते गृहस्थ घाबरून मागे सरले, सोड्याच्या क्रेटला अडखळून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दोघं मोठे पळाले. सोहमला पोलिसांनी जेवायच्या आत घरून उचललं, कारण दरोडा घालायला जाताना त्याने शाळेच्या रोबोटिक्स टीमची हुडी घातली होती आणि तिच्यावर पाठभर त्याचं आडनाव छापलेलं होतं.

गुन्हा त्याने लगेच कबूल केला. न्यायाधीशांनी किमान बारा वर्षं दिली. मिशिगनमध्ये ही किमान वर्षं भरल्याशिवाय पॅरोलवाले, म्हणजे सोडायचं की नाही ते ठरवणारे, तुमच्याकडे बघतही नाहीत. प्लॅस्टिकच्या पिस्तुलाला बारा वर्षं? मलाही प्रश्न पडला होता. मग रूथने त्या दिवशी कोर्टात कोण काय बोललं त्याची प्रत माझ्यापुढे ठेवली, आणि वाचता वाचता मी कपाळावर हात मारून घेतला.

शिक्षा सुनावण्याआधी मुलाच्या बाजूने चार माणसांना बोलता येतं. आपली माणसं बोलली. भरभरून बोलली. आमचे देशमुखकाका, मंडळाचे माजी अध्यक्ष, कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, “युवर ऑनर, हा इतर टीनएजर्ससारखा मुलगा नाही. आतून हा चाळीस वर्षांचा आहे.” दुसरी एक मावशी म्हणाली, याच्यासारखी मॅच्युरिटी मी मोठ्या माणसांत बघितली नाही. तिसरे म्हणाले, हा घरातला कर्ता पुरुष होता. आणि खुद्द आई म्हणाली, माझा मुलगा वयाच्या मानाने फार समंजस आहे, तो प्रत्येक गोष्ट विचार करूनच करतो.

न्यायाधीशांनी ते सगळं मान्य केलं. म्हणाले, दुपारभर मी ऐकतोय की हा सामान्य पोरगा नाही, पूर्ण विचार करणारा प्रौढ माणूस आहे. तर मग त्याला प्रौढासारखंच उत्तर द्यावं लागेल.

रूथने चष्मा काढून मला विचारलं, “तुम्ही लोक असं का बोलता? माझ्या मोहल्ल्यातली आई उभी राहिली असती आणि म्हणाली असती, जजसाहेब, हा मूर्ख आहे, जन्मापासून मूर्ख आहे, पण माझा आहे.”

मी तिला काय सांगणार? आपल्याकडे मुलाची स्तुती करायची म्हणजे तो मूल नाही असंच सांगायचं असतं. दोन वर्षांच्या बाळालाही आपण ‘किती शहाणं, अज्जिबात त्रास देत नाही’ म्हणतो.

अपील कोर्टाने आमचं म्हणणं उचलून धरलं. वयाचा विचारच झालेला नाही, उलटाच झाला आहे, शिक्षा परत ठरवा. यात सव्वा-दीड वर्ष गेलं. केस त्याच न्यायाधीशांपुढे परत आली आणि मी वैशालीच्या, म्हणजे सोहमच्या आईच्या, स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पोहे झाले, चहा झाला. मग वैशालीने शोकेसमधली मेडल्स काढून टेबलावर मांडली. गणिताचं, पोहण्याचं, स्पेलिंगचं.

“वैशाली, हे सगळं छान आहे,” मी म्हटलं. “पण मला याचा उपयोग नाही. मला त्याचा मूर्खपणा सांग.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “ताई, तुम्हीपण? बाहेर लोक बोलतात ते काय कमी आहे?” आणि तिने मेडल्स उचलायला सुरुवात केली. सोहमचे बाबा, मिलिंद, दारात उभे होते. ते म्हणाले, “लॉयरला अजून काही डॉक्युमेंट्स हवे असतील तर मेल करा. वुई विल सेंड.” म्हणजे आता निघा. मी निघाले.

त्या आठवड्यात मी सोहमला भेटायला गेले. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत व्हेंडिंग मशीनचा गरम केलेला बर्गर त्याच्यापुढे ठेवला. तो ताठ बसून म्हणाला, “मावशी, आय टेक फुल रिस्पॉन्सिबिलिटी. आईला सांगा मी ठीक आहे. डोंट वरी.” एखाद्या मॅनेजरने शेअरहोल्डर्सपुढे बोलावं तसं.

मी म्हटलं, “ते राहू दे. मला सांग, हुडी का घातलीस?”

तो गोंधळला. “कोल्ड होतं.”

“बरं.”

“आणि आई ओरडते ना. विदाउट हुडी बाहेर गेलं की.”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तोही हसला, आणि मॅनेजर गेला. मग तो बोलायला लागला. बाबा व्हिसाचा शिक्का घ्यायला भारतात गेले आणि तिकडेच अडकले, जवळजवळ वर्षभर. आईच्या कामाचं परमिट लटकलेलं. हा जन्मापासून अमेरिकन, इंग्रजी फाडफाड, लायसन्स नवं कोरं. त्यामुळे बहिणीला शाळेत सोडणं, बँकेशी बोलणं, घरमालकाशी भांडणं, बर्फ उपसणं सगळं याच्यावर. आणि मंडळात कौतुक. घराघरांत आयाबाप आपल्या मुलांना सांगत, “बघ, सोहमकडे बघ जरा.” त्यामुळे मंडळातली यच्चयावत मुलं सोहमचा मनापासून द्वेष करायची.

“नोबडी वॉन्टेड टू हँग आउट विथ मी,” तो म्हणाला. “दोज टू गाइज, दे डिडंट नो. त्यांना वाटलं मी नॉर्मल आहे.”

दरोडा घालून परत येऊ, मग सगळे मिळून टाको खायला जाऊ, असा बेत होता. टाको खायला मिळावेत म्हणून नव्हे, बरोबर जायला मिळावं म्हणून.

मी वैशालीकडे परत गेले. या वेळी मी फोन करून देशमुखकाकूंना आणि आणखी दोघीतिघींना बोलावून घेतलं होतं. देशमुखकाका न बोलावता आले. मी तुरुंगातली हुडीची गोष्ट सांगितली. मग देशमुखकाकू अचानक म्हणाल्या, “अगं, हा तोच ना, ज्याने माझं स्टीलचं इडलीपात्र मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं होतं?”

“कधी?”

“पकडला गेला त्याच्या आदल्याच वर्षी! सतरा वर्षांचा घोडा. ठिणग्या उडाल्या तर म्हणतो, काकू, युअर इडलीज आर हॅविंग दिवाळी.”

बांध फुटला. एकीने सांगितलं, हॅलोविनला कुणाच्या तरी अंगणातल्या फुगवलेल्या भुताला घाबरून हा त्यांच्या गॅरेजमध्ये लपला होता. चांगला मिसरूड फुटलेला. दुसरी म्हणाली, आमचं कासव सर्दीने आजारी आहे असं ठरवून याने त्याला विक्स लावलं. वैशाली आधी कसनुसं हसत होती, मग खरंच हसायला लागली, आणि म्हणाली, “अठराचा झाला तरी बेसमेंटमध्ये एकटा जायचा नाही तो. लाँड्री आणायला सांगितली की बहिणीला पुढे घालायचा. ती तेव्हा नऊ वर्षांची!” सगळे हसत होते आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला.

“ताई, एक सांगू? मी कुणालाच सांगितलेलं नाही. वकिलालाही नाही.”

पोलिसांनी नेलं त्या संध्याकाळी सोहमने ठाण्यातून घरी फोन केला होता. आणि हा म्हणाला, “आई, उद्या फिजिक्सची टेस्ट आहे. तू शाळेला ईमेल कर ना, मला फीव्हर आहे म्हणून. नाहीतर मला झीरो मिळेल.”

“मला त्याची इतकी लाज वाटली,” वैशाली म्हणाली. “तिकडे एक माणूस हॉस्पिटलमध्ये पडलाय आणि याला टेस्टची पडलीय. कोर्टाला कळलं असतं तर म्हणाले असते, याला काहीच वाटत नाही. म्हणून मी गप्प बसले.”

देशमुखकाका चष्मा पुसत बसले होते. त्यांनी वर न बघताच मला विचारलं, “वहिनी, हे माझ्यामुळे झालं का? ते चाळीस वर्षांचं?”

“एकट्या तुमच्यामुळे नाही हो,” मी म्हटलं. त्यांना जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

मी रूथला गाडीतूनच फोन लावला. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “हे मी सांगून उपयोग नाही आणि तू सांगूनही नाही. हे आईने उभं राहून सांगायला हवं.”

तिथे गाडी अडली. मिलिंदचा साफ नकार होता. ते वाईट माणूस नव्हते. फार सज्जन, फार अबोल. पण मला म्हणाले, “नंदाताई, म्हणजे भर कोर्टात सांगायचं की बाप तिकडे अडकला आणि म्हणून पोरगा बिघडला? मंडळातली निम्मी माणसं तिथे असणार.”

मला राग आला. एरवी मी घरच्यांशी कधी वाद घालायचे नाही, तो आमच्या कामाचा दुसरा नियम. पण त्या दिवशी बोलून गेले. “मिलिंद, निम्मी मंडळी काय म्हणतील ते एका संध्याकाळचं आहे. तो सुटेल तेव्हा तिशीचा असेल, ते बघा.” ते आत निघून गेले. वैशाली माझ्यामागे दारापर्यंत आली आणि तिने दार लावून घेतलं. ती सांगेल की नाही, हे मला सुनावणीच्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सुनावणीला पंपावरचे गृहस्थही आले होते, काठी घेऊन. त्यांनाही बोलायचा हक्क होता. ते म्हणाले, “हवा बदलली की माझा खुबा मला आधी सांगतो. मी फार घाबरलो होतो. अजूनही दाराची बेल वाजली की दचकतो. याला शिक्षा नको असं मी म्हणणार नाही.” मग थांबून म्हणाले, “पण मी पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगितलं होतं, तो प्लीज म्हणाला. पिस्तूल धरून ‘प्लीज सर’ म्हणाला. असा दरोडा मी बघितला नव्हता.”

देशमुखकाकांनी उभं राहून सांगितलं, की मागच्या वेळी मी चाळीस म्हणालो ते प्रेमापोटी म्हणालो आणि ते खरं नव्हतं. मग इडलीची गोष्ट सांगितली, इतकी रंगवून की रूथला त्यांना बसवावं लागलं.

मग वैशाली उठली. तिने जे इंग्रजीत सांगितलं ते मी मराठीत सांगते. ती म्हणाली, “मागच्या वेळी मी सांगितलं, माझा मुलगा समंजस आहे. ते मला तसं हवं होतं म्हणून. माझे मिस्टर वर्षभर अडकले होते. माझ्या घरात एक मोठं माणूस कमी पडत होतं, आणि ती जागा मी याला दिली. त्याने तक्रार केली नाही, तर आम्हाला वाटलं हा मोठा झाला. तो मोठा झाला नव्हता. तो नुसता गप्प झाला होता.” मग तिने तो फोन सांगितला. फिजिक्सची टेस्ट, ताप, झीरो. सांगताना थांबली नाही, डोळेही पुसले नाहीत.

मी मिलिंदकडे बघितलं. ते बायको बोलत होती तेवढा वेळ उभे होते. कोर्टात असं उभं राहायचं नसतं. पोलीस त्यांच्याकडे आला, त्यांचा चेहरा बघितला आणि परत आपल्या जागी गेला.

न्यायाधीशांनी वैशालीला एकच प्रश्न विचारला. “मॅडम, मग तुम्ही शाळेला ईमेल केलं?”

“नाही, युवर ऑनर,” ती म्हणाली. “मी त्याला खूप ओरडले.”

म्हातारे न्यायाधीश पहिल्यांदाच हसले, फार थोडं. मग पुष्कळ वेळ कागद चाळत राहिले. शिक्षा दिलीच, आणि का द्यायला हवी तेही स्पष्ट सांगितलं, त्या गृहस्थांच्या काठीकडे बघत. पण बाराची पाच वर्षं केली, आणि भोगून झालेली त्यात धरली. रूथने टेबलाखाली माझा हात इतका दाबला, की माझी बांगडी वाढली.

पुढे मी रिटायर झाले. सोहमच्या बातम्या मंडळातून कळायच्या. तुरुंगात कॉलेजचे कोर्सेस घेतो, पंपावरच्या गृहस्थांना त्याने पत्र लिहिलं, आणि त्यांनी दोन ओळींचं का होईना उत्तर दिलं. पॅरोल मंजूर झाला. तो घरी आला तेव्हा मी मुद्दामच लगेच गेले नाही. अशा वेळी घरच्यांना घर लागतं, पाहुणे नाही.

चार-पाच दिवसांनी, रविवारी दुपारी वैशालीचा फोन आला. मी घाबरलेच, कारण तिचा आवाज चढलेला होता.

“ताई, तुम्ही येऊन बोला याच्याशी. दुपार झाली, अजून उठलेला नाही. ओला टॉवेल बेडवर. सगळं दूध पिऊन रिकामा गॅलन परत फ्रिजमध्ये ठेवलाय. मिलिंद म्हणाला, जॉबसाठी रेझुमे कर, तर ‘टुमॉरो’ म्हणतो. काल रात्री बहिणीशी भांडण, कशावरून, तर रिमोटवरून! ती चौदा, हा तेवीस! काडीची अक्कल नाही हो या मुलाला…”

ती बोलत राहिली. मी खुर्चीत नीट मागे टेकून बसले आणि ऐकत राहिले. माझ्या उभ्या नोकरीत इतकी सुंदर तक्रार मी ऐकली नव्हती. शेवटी तिचा दम संपला. तिकडे भांड्यांचा आवाज आला, नळ वाहिला, बंद झाला. मग अगदी हळू आवाजात, जणू दाराआड कुणी ऐकेल अशी, तिने विचारलं, “ताई, उठवू का हो त्याला?”

“नको,” मी म्हटलं. “झोपू दे.”

“हो ना,” ती म्हणाली. “मलाही तेच वाटतंय.”